रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी दुखतंय

चौदा वर्षांची मुलगी तीन महिने पोट दुखतं म्हणते. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. इथून पुढे आपल्याकडे दोन तट पडतात. एक म्हणतो, हल्लीची मुलं नाजूक, शाळा बुडवायची नाटकं, आधी मोबाईल काढून घ्या. दुसरा म्हणतो, सगळं टेन्शन आहे, समुपदेशकाकडे न्या. हा वाद कितीही रंगला तरी एका गोष्टीवर दोघांचं एकमत असतं: पोट काही खरं दुखत नाहीये. माझा आक्षेप नेमका तिथे आहे.

रिपोर्टमध्ये सूज दिसते, गाठ दिसते, इजा दिसते. दुखणं दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. दुसऱ्या कुठल्या आजारात नीट बसत नाही, पण तीन महिन्यांहून जास्त टिकतं आणि रोजचं जगणं अडवतं, अशा दुखण्याला तिच्यात स्वतंत्र निदानाचा दर्जा आहे. डॉक्टरांना न सापडलेलं दुखणं म्हणजे नसलेलं दुखणं नव्हे.

ब्रिटनमध्ये राहून या वादाकडे पाहताना इथलं सगळं आदर्श आहे असं म्हणवत नाही. जीपीकडे, म्हणजे इथल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे, जेमतेम दहा मिनिटं मिळतात, तज्ज्ञाची तारीख यायला महिने जातात. एंडोमेट्रिओसिसचं (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) निदान व्हायला इथे सरासरी ८ वर्षं १० महिने लागतात, असं एंडोमेट्रिओसिस यूके या संस्थेने २०२४ मध्ये मांडलं. 'पाळीत दुखतंच' हे वाक्य इंग्रजीतही तेवढंच सहज निघतं. भारतातल्या शहरांत, खिसा परवडत असेल तर, तज्ज्ञ आणि एमआरआय दोन्ही त्याच आठवड्यात होतात. तिथे दुसरीच गोष्ट बिघडते: पाच डॉक्टर, पाच फायली, आणि सगळं दुखणं सलग माहीत असलेला माणूस एकही नाही. तो माणूस दोन्हीकडे आई-बापांनाच व्हावं लागतं.

थांबायचं कधी नाही, हे आधी. मुलाच्या अंडकोषात अचानक जोरात कळ आली, सोबत उलटी झाली, तर तो पीळ असू शकतो. साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झाली तर अंडकोष वाचण्याची शक्यता चांगली असते, त्यानंतर ती झपाट्याने घटते. कळ कधी ओटीपोटातच जाणवते, आणि मुलगे लाजून 'पोट दुखतंय' एवढंच सांगतात. म्हणून मुलाच्या पोटदुखीत हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारायचा. दुसरी फसवी जागा गुडघा. दहा ते पंधराच्या वयात, विशेषतः वजन जास्त असलेलं मूल लंगडतं, पाऊल बाहेर वळतं, गुडघा दुखतो म्हणतं, आणि गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ येतो. बिघाड खुब्यात असतो: मांडीच्या हाडाचं डोकं वाढीच्या थरावरून घसरलेलं असतं. अशा मुलाला चालवू नका, आणि दोन्ही खुब्यांचा एक्स-रे त्याच दिवशी मागा. झोपेतून उठवणारं हाडाचं दुखणं, सकाळी डोकेदुखीसह उलट्या, शौचात रक्त, घटणारं वजन, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेले सांधे, यातलं काहीही असेल तर 'बघू पुढच्या महिन्यात' नको.

हे काही नसेल तर चार आठवडे एका वहीत नोंद ठेवा. कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवायला सांगा. कधी सुरू झालं, किती वेळ टिकलं, झोप कशी होती, पाळीचा कितवा दिवस, कोणती गोळी किती वाजता घेतली, आणि दुखण्यामुळे काय राहिलं. हा शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. 'दहापैकी सात' यापेक्षा 'जिना चढताना मध्ये बसली' हे डॉक्टरला जास्त सांगतं. विचारायचं मात्र दिवसातून एकदाच, संध्याकाळी. तासातासाला 'आता कसं वाटतंय' विचारलं की मुलाचं लक्ष दुखण्यावरच खिळून राहतं.

इथे मराठी कामाला येते. ठणका, कळ, चमक, मुरडा, ठसठस, जळजळ, रग: यातला प्रत्येक शब्द वेगळ्या दुखण्याचा आहे. येऊन जाते ती कळ, नाडीच्या ठोक्यासारखी उडते ती ठसठस, विजेसारखी जाते ती चमक. परदेशात वाढणाऱ्या मुलांकडे बहुधा 'हर्ट्स' एवढंच असतं. त्यांना हे शब्द समजावून द्या, मग डॉक्टरपुढे इंग्रजीत वर्णन करणंही त्यांना जमतं.

गोळ्यांतही घोळ होतात. डोकेदुखीवर महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन घेतलं, आणि असं काही महिने चाललं, की गोळीच डोकेदुखी टिकवते. पाळीच्या दुखण्यात उलट चूक होते: असह्य होईपर्यंत सोसायचं आणि मग गोळी. डॉक्टरांनी ठरवून दिलेली मात्रा दुखायला लागताच, खाल्ल्यावर, पहिले दोन-तीन दिवस वेळेवर घेतली तर ती जास्त लागू पडते. असं तीन पाळ्या करूनही शाळा बुडत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, आणि सोनोग्राफी स्वच्छ आहे म्हणून एंडोमेट्रिओसिस नाही असं धरू नका.

ब्रिटनमधली एक रीत आपण उचलावी असं मला मनापासून वाटतं. डॉक्टर किशोरवयीन मुलाशी थोडा वेळ एकट्याने बोलतात, पालक बाहेर बसतात. आपल्याला हे झोंबतं. पण शाळेतला छळ, जेवण टाळणं, नात्यातली भीती आईसमोर निघत नाही. आणि मनावरचा ताण सापडला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. ताणाने दुखणं वाढतं आणि दुखण्याने ताण, म्हणून उपचार दोन्हींवर एकदमच करायचे.

डॉक्टरकडून उठण्याआधी विचारा: किती दिवसांत उतार पडायला हवा, आणि नाही पडला तर पुढची पायरी कोणती? उत्तर त्याच वहीत लिहून घ्या.

दुखणं लांबलं तर पूर्ण विश्रांती हाच अडथळा होतो. बरं वाटलं त्या दिवशी तासभर खेळायचं आणि मग दोन दिवस अंथरुणात, या चक्रात मूल खचतं. वाईट दिवशीही जमेल एवढ्यापासून सुरुवात करा, समजा आठ मिनिटं चालणं. आठवडाभर तेवढंच, मग एक मिनिट वाढवा. चांगल्या दिवशीही ठरल्यापेक्षा जास्त नाही. शाळाही तशीच: आधी रोज दोन तास, ठरलेल्या वेळी, आणि ते दोन तास कोणते हे मुलालाच निवडू द्या.