पंचवीस रुपये वाचवण्याच्या खात्रीशीर युक्त्या

दौलताबादच्या किल्ल्याचं तिकीट २५ रुपये आहे, हे वाचून ज्यांच्या काळजात धस्स झालं त्यांच्यासाठी हा लेख आहे. बाकीच्यांनी नाही वाचला तरी चालेल. गेल्या रविवारी आमच्या साडूंनी या विषयात मला जी दीक्षा दिली, ती एकट्याने पोटात ठेवणं बरं दिसत नाही.

सुरुवात वयापासून करा. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं. तेव्हा घरातलं जे पोरगं बारावीला आहे, ज्याला मिसरूड कधीचीच फुटली आहे, त्याला खिडकीपासून चार हात लांब उभं करा आणि बिनधास्त सांगा, 'आठवीला आहे.' पोरगं शरमेनं मान खाली घालतं, त्यामुळे उंचीही आपोआप कमी दिसते.

अजिंठ्याला सोमवारी जा, वेरूळला मंगळवारी. एक रुपया जाणार नाही. लेणी त्या दिवशी बंदच असतात.

खिडकीशी पोचलात की रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारा, "आत काय हाय वो असं? दगडंच ना?" आमच्या साडूंनी हेच विचारलं. वर, "आपलाच किल्ला अन् आपल्यालाच पैशे?" आपलाच! देवगिरीचा हा किल्ला यादवांनी साडूंच्या नावावर केल्याचा सातबारा मी तरी पाहिलेला नाही. मागे एक परदेशी जोडपं माणशी ३०० रुपये हातात घेऊन मुकाट उभं होतं. त्यांच्याकडे बोट दाखवून साडू म्हणाले, "येडे हायेत हे."

किल्ला टाळून बीबी का मकबऱ्याला जायचा विचार असेल, तर तिथे 'नकली ताजमहाल बघायला कशाला पैसे' हे वाक्य तयार ठेवा. मकबऱ्याचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे झाला, अशी जुनी नोंद आहे. सात आणेसुद्धा सोडलेले नाहीत बघा. म्हणजे हिशेबी माणसं तेव्हाही होती, पण ती निदान काहीतरी बांधून गेली.

एखाद्या संग्रहालयात तिकीट काढल्यावर वरच्या मजल्याला कुलूप दिसलं, तर शिपायाचे आभार माना. जिना वाचला. (हे माझ्यासोबत झालं आहे. किल्लीवाले साहेब जेवायला गेले होते. संग्रहालयाचं नाव सांगत नाही. तुम्ही जिथे गेला होतात तेच समजा.)

आता समजा, बायकोच्या आग्रहामुळे तिकीट काढावंच लागलं. आमच्या मेव्हणीने शेवटी स्वतःच्या पर्समधून पैसे दिले. मग तिकीट वसूल करायला हवं. चांदमिनारकडे नुसती मान वर करून 'उंच आहे' म्हणा आणि पुढे व्हा. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी उचलून इथे का आणली असेल, असला विचार चढावर करू नये, दम लागतो. मेंढा तोफ दिसली की आधी तिच्यावर बसून फोटो. शत्रूला चकवायला डोंगर कोरून काढलेला तो भुयारी मार्ग, आपली अंधारी, तिथे शिरताच जोरात आरोळी ठोका. वरची वटवाघळं उडतात, मागच्या बायका किंचाळतात, पैसे फिटतात. ज्या वळणावर शत्रू पाय चुकून खंदकात पडावा अशी सोय केली होती, तिथे कुणी माहिती सांगत असेल तर त्याच्या तोंडावर मोबाईलचा उजेड पाडा. बालेकिल्ल्यावर जाऊ नका. "वर काय नसतंय," हे साडूंना खालूनच माहीत होतं.

आणि बाहेर आल्यावर मन मोठं करा. फाटकाबाहेर पेरूवाल्याने चार पेरूंचे शंभर सांगितले, साडूंनी भाव केला नाही. पार्किंगचे दिले. उसाचा रस झाला, पोरांना टोप्या झाल्या. पुढे ढाब्यावर मटणाचं बिल दोन हजारांच्या वर गेलं, तर साडूंनी पाकीट काढताना माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या वो पाव्हणं, पैशाचं काय घेऊन बसलात!" वेटरला वर पन्नास दिले. दोन किल्ल्यांची तिकिटं, बडीशेपेच्या ताटलीत.

इथवर मी हसत होतो. पण खरं सांगायचं तर हसणं आधीच संपलं होतं. अंधारीच्या अलीकडे त्याच आठवीतल्या मिसरुडवाल्याने खिशातून गाडीची किल्ली काढली आणि भिंतीवर नावाचं पहिलं अक्षर ओढलं. शेजारी आधीच्यांचे बदाम होते, बाण होते. मी हात धरला तर साडू म्हणाले, "अवो, पोरगं हाय. तिकीट काढलंय ना आपण?"

काय काढलंय? पंचवीस रुपयांत भिंत विकत मिळते? अजिंठ्याची चित्रं पडायला लागली तेव्हा निजामाच्या सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून माणसं बोलावून ती सांभाळायला लावली. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या जुन्या वस्तू जपल्या, म्हणून तिथल्या हस्तिदंती बाहुलीसारखी गोष्ट आज लोकांना माहीत आहे. त्या बाहुलीची बहीण शोभावी अशी मूर्ती थेट इटलीत, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन शहरात सापडली. आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं गाव रोमशी व्यापार करत होतं, आणि तुम्हाला शेजारच्या लातुरातून तिथे जायचं तर 'आत काय हाय' विचारायचंय!

आणि पैशाचं नाव सांगू नका. खरोश्याच्या लेण्यांना तिकीट नाही, तिथे किती वेळा गेलात? धाराशिवच्या लेण्यांना? मराठवाडा मुक्तिसंग्रामाचं हुतात्मा स्मारक तुमच्याच तालुक्याच्या गावात असेल, फुकट. १७ सप्टेंबरला झेंड्यापुरतं फाटक उघडतं, मग वर्षभर तिथे पत्त्याचे डाव आणि रिकाम्या बाटल्या. निजामाच्या पोलिसांशी आणि रझाकारांशी लढलेल्या माणसांची नावं आहेत त्या दगडावर. त्यातलं एक सांगा बरं. फुकट असतं तिथे जायचं नाही, पैसे पडतात तिथे भांडायचं, आणि गेलोच तर भिंत खरवडायची. कुलूप लावणाऱ्या साहेबांचं तरी का चुकतंय मग? वरचा मजला उघडा म्हणून तक्रारवहीत एक ओळ लिहायला कुणी थांबत नाही. मी मागितली तेव्हा ती वही कपाटामागून झटकून काढावी लागली, आणि पहिलं पान कोरं होतं.

साडूंना हा लेख पाठवणार आहे. दिवाळीला त्यांना वेरूळ बघायचंय म्हणे. माणशी ४० रुपये आहे, सुट्टे आणा, आणि गाडीची किल्ली माझ्याकडे द्या.