सात रात्रींचे सख्खे

जग बघायचं म्हणून क्रूझवर निघाला असाल तर अजून वेळ गेलेली नाही, बेत बदला. जग बघायला विमानं आहेत, आगगाड्या आहेत, अगदीच खुमखुमी असेल तर स्वतःचे पाय आहेत. क्रूझवर जायचं ते वारंवार क्रूझवर जाणाऱ्या माणसांना भेटायला. बंदरं वाटेत लागतात, त्याला आपला इलाज नसतो. कित्येकदा जहाजाचाही नसतो. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा अजून ठणठणीत आहे: परदेशी झेंड्याच्या जहाजाने देशातल्या देशात प्रवासी वाहायचे नाहीत, मधे कुठेतरी परदेशाला शिवून यायचं. आणि मोठी क्रूझ जहाजं जवळपास सगळीच बहामा, पनामा, माल्टा, बर्म्युडा असले झेंडे लावून हिंडतात. त्यामुळे सिएटलहून अलास्काला जाऊन परत येणारं जहाज कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तास, तेही बरेचदा संध्याकाळी, टेकून येतं. नवखे प्रवासी धावत उतरतात, उजेड जायच्या आत दिसेल त्या इमारतीसमोर उभं राहून फोटो काढतात आणि धापा टाकत परततात. मुरलेले उतरतच नाहीत. सगळे गेले की गरम पाण्याचा टब रिकामा मिळतो, हे त्यांना ठाऊक असतं. तुम्हाला मुरलेल्यांत जायचंय ना? मग टबात बसा.

पाच मिनिटांत समोरचा विचारेल, "ही कितवी?" इथे घाई करू नका. "पहिलीच," असं खरं बोलून गेलात तर पुढचा पाऊण तास तुम्हाला कुठली लिफ्ट रिकामी असते आणि बुफेत कुठल्या बाजूने शिरायचं हे ऐकावं लागेल. आकडा फुगवून सांगितलात तर समोरचा हळूच तुमच्या गळ्यातल्या कार्डाचा रंग बघेल. उत्तम उत्तर म्हणजे उलट प्रश्न: "सफरी मोजायच्या की रात्री?" एवढ्यावर समोरचा टबात जरा सरळ होऊन बसतो. आपला माणूस भेटला.

रात्रीच मोजायच्या असतात. कारण कंपनीच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांतला तुमचा हुद्दा रात्रींवर ठरतो. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीचंच बघा. तिथे गोल्डपासून सुरुवात होते आणि प्लॅटिनम, एमराल्ड, डायमंड, डायमंड प्लस अशा पायऱ्या चढत माणूस पिनॅकलला पोचतो. एका रात्रीचा एक गुण आणि पिनॅकलला लागतात ७००. साध्या केबिनमधून हे शिखर गाठायचं तर जवळजवळ दोन वर्षं पाण्यावर झोपायला हवं. स्वीट घेतला तर गुण दुप्पट. केबिनमध्ये एकटेच राहिलात तरी रात्रीमागे एक गुण जास्तीचा, कारण भाडं बहुधा दोघांचं भरलेलं असतं. म्हणजे नवऱ्याला किंवा बायकोला घरी ठेवून आलात तर जिवलगांमध्ये तुमची बढती दुप्पट वेगाने होते. संसाराचा इतका बारकाईने विचार सहसा कुठली कंपनी करत नाही.

हुद्दा कळला की मैत्रीतली अंतरं आपोआप ठरतात. डायमंडवाला पिनॅकलवाल्याच्या विनोदाला हसतो, गोल्डवाला दोघांच्याही. यात अपमान वाटून घेऊ नका. नाहीतरी विनोद तोच असतो: "हा जिना वर जातो की खाली?" असं कुणीतरी कधीतरी विचारलं होतं म्हणे. हा किस्सा प्रत्येक जहाजावर, प्रत्येक सफरीत घडलेला असतो आणि सांगणारा दर वेळी तिथे स्वतः हजर असतो.

रात्रीच्या जेवणाला ठरलेल्या वेळेचं, ठरलेलं, आठजणांचं टेबल मागून घ्या. 'जेव्हा हवं तेव्हा, हवं तिथे' या नव्या सोयीच्या नादी लागलात तर एकट्याने शांतपणे जेवायची पाळी येईल. मोठ्या टेबलावर फक्त एक वाक्य पाठ असलं की सातही रात्री निभावून नेता येतात: "आता पूर्वीसारखं राहिलं नाही." हे कशाहीबद्दल म्हणता येतं. मध्यरात्रीचा बुफे बंद झाला, उशीवरचं चॉकलेट गेलं, सुटाबुटाच्या रात्रीला लोक अर्ध्या चड्डीत येतात. मी एक बाई पाहिल्या. त्यांनी मेनू हातात घेतल्यावर आधी तो दोन बोटांत धरून वाकवून पाहिला, मग उलटा केला, मग शेजारणीकडे दिला. शेजारणीनेही वाकवून पाहिला. "पूर्वी जाड कागद असायचा," दोघी एकदम म्हणाल्या आणि तिथून त्यांचं असं काही जमलं की नवरे आठवडाभर एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. कागदात नेमकी काय छपाई आहे, म्हणजे खायला काय आहे, हे दोघींनी वेटरलाच विचारलं. इतकं सगळं बिघडलेलं असताना ही मंडळी पुन्हा पुन्हा का येतात, असा प्रश्न तुमच्या ओठांवर आला तर पाणी प्या.

जहाज हललं नाही तरी क्रूझ पार पडते, हे तर ५० वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय. मार्च १९७२ मध्ये कार्निव्हल कंपनीचं पहिलं जहाज 'मार्दी ग्रा' पहिल्याच सफरीला मायामीहून निघालं आणि बंदराच्या तोंडाशीच वाळूत रुतून बसलं. प्रवाशांना किनारा दिसत होता, किनाऱ्यावरच्यांना प्रवासी. दुसरा कुठला धंदा असता तर त्याच दिवशी कुलूप लागलं असतं. ती कंपनी पुढे क्रूझच्या व्यवसायातली जगातली सगळ्यात मोठी झाली. त्याही आधी, १८९१ साली, हाम्बुर्गच्या आल्बर्ट बालिन यांनी 'ऑगुस्टा व्हिक्टोरिया' हे जहाज भूमध्य समुद्रात फिरवून आणलं, ते प्रवाशांना कुठे जायचं होतं म्हणून नव्हे. हिवाळ्यात अटलांटिक ओलांडायला गिऱ्हाईक नसे आणि जहाज रिकामं उभं राही, म्हणून. सगळ्यांनी एकत्र चढायचं, गोल फिरायचं आणि जिथून निघालो तिथेच उतरायचं, ही कल्पना मुळातच जहाजाच्या सोयीची. आपण तिला सहल म्हणतो, हा आपला मोठेपणा.

आता खुर्च्या. समुद्रात अख्खा दिवस असेल तेव्हा पूलजवळची खुर्ची सकाळी सहाला धरावी लागते. टॉवेल, एक चप्पल आणि एक पुस्तक, एवढं सामान पुरतं. चप्पल एकच, जोडी ठेवली तर कुणीतरी ढापेल ही भीती. पुस्तक जाड हवं आणि पालथं उघडून ठेवायचं. सुरुवातीच्या बाराव्या पानावर उघडलेलं एक पुस्तक माझ्या ओळखीचं झालं होतं. सोमवारी बारावं पान, गुरुवारी बारावं पान. मालकीणबाई दुपारी जेवून यायच्या, पुस्तक उचलायच्या, त्याखाली उन्हाने न रापलेला टॉवेलचा चौकोन कौतुकाने बघायच्या आणि तेच पान पुन्हा पालथं घालायच्या. बऱ्याच जहाजांवर अर्ध्या-पाऊण तासाने बेवारस सामान उचलायचा नियम असतो आणि त्याची पाटीही असते. त्या पाटीवर टॉवेल वाळत घालता येतो. मैत्रीची खरी कसोटी इथेच: जो स्वतःखेरीज तुमच्यासाठीही सहाला उठून खुर्ची धरतो, त्याला कधी अंतर देऊ नका. निदान सफर संपेपर्यंत.

मधल्या वेळात केबिनचं दार सजवा. दारं लोखंडी असतात, लोहचुंबक छान चिकटतं. नावं, लग्नाचे वाढदिवस, आतापर्यंतच्या जहाजांची चित्रं, काय हवं ते लावा. रबरी बदकं न्या आणि जिन्यात, फुलदाणीत, लिफ्टच्या कठड्यावर लपवा. ती दुसऱ्या कुणीतरी शोधायची असतात. हे खेळणारी मुलं नसतात, चांगली पेन्शनीत निघालेली माणसं असतात. शिवाय एखादी दुपार एकमेकांच्या केबिनी बघत हिंडण्यात घालवायची रीत आहे. वीसजण रांगेने एका छोट्या खोलीत शिरतात, "अरे वा, तुमचं कपाट डावीकडे!" म्हणतात आणि पुढच्या केबिनकडे निघतात. घरी शेजाऱ्याचं दारही न वाजवणारी माणसं इथे अनोळखी माणसाच्या न्हाणीघरात डोकावून शॉवरच्या पडद्यावर मत देतात.

(एक गोष्ट उपरोध बाजूला ठेवून सांगतो. निघण्यापूर्वीची संकटकाळाची कवायत चुकवू नका. मुरलेले मित्र तिला नाकं मुरडतात, फोनवर सूचनांची फिल्म लावून फोन उशीखाली ठेवतात. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटापाशी 'कोस्टा कॉनकॉर्डिया' खडकावर आपटलं आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर व्हायचीच होती. तेव्हा आपलं जमायचं ठिकाण कुठलं ते बघून या. मग खुशाल नाक मुरडा.)

बंदरातल्या लोकांशी मात्र मैत्री वाढवायच्या फंदात पडू नका, त्यांनाच ती नकोय. व्हेनिसच्या जुद्देका कालव्यातून मोठ्या जहाजांना ऑगस्ट २०२१ पासून बंदी आहे. अमेरिकेतल्या बार हार्बर नावाच्या छोट्या गावाने २०२२ मध्ये मतदान घेऊन दिवसाला एक हजारच क्रूझ प्रवासी उतरू द्यायचं ठरवलं. टबातल्या मंडळींना हे सांगितलंत तर ते म्हणतील, "बघा, आम्ही तर उतरतच नाही."

तुमची सगळ्यात घट्ट मैत्री जमेल ती केबिन आवरणाऱ्या मुलाशी. पहिल्या दिवशी तो नाव सांगेल, ते छातीवरच्या पट्टीवरही असतं, म्हणजे लक्षात ठेवायचे कष्ट नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्याला तुमचंही नाव पाठ असेल, शिवाय तुम्ही कधी उठता, कुठल्या गोळ्या घेता, दोघांपैकी कोण रुसून सोफ्यावर झोपलं होतं हेही. तुम्हाला त्याच्याबद्दल एवढं कळलं तरी पुरे की त्याला टॉवेलचा हत्ती करता येतो. "तो आता आमच्या घरातलाच झालाय," असं टेबलावर सांगा, सगळे मान डोलावतील. घरातल्याला सुट्टी कधी असते, असं मात्र विचारू नका. कित्येक महिन्यांच्या कंत्राटात साप्ताहिक सुट्टी बहुधा नसतेच. दर्यावर्दी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती द्यावी लागते. उरलेले चौदा कशात जातात ते तुमच्या गादीवरच्या हत्तीला विचारा. शेवटच्या संध्याकाळी त्याला मिठी मारा, फोटो काढा, डोळे पुसा. मग खाली जाऊन चौकशीच्या खिडकीपुढच्या रांगेत उभे राहा, जिथे बिलात आपोआप लागलेली बक्षिसी काढून टाकण्याचा अर्ज करता येतो. त्या रांगेत टेबलावरचे ओळखीचे चेहरे दिसतील. एकमेकांना हाक मारू नये, असा संकेत आहे.

शेवटच्या रात्री मैत्रीला पूर येतो. नंबर घेतले जातात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघतो, त्याचं नाव जहाजाच्या नावावरून ठरतं आणि पुढे कुटुंब हा शब्द लागतो. "रक्ताच्या नात्यातही असं प्रेम नाही," असं कुणीतरी म्हणतं, तेव्हा त्याचे रक्ताचे नातेवाईक जमिनीवर असतात, ही गोष्ट ध्यानात घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र पालटतं. बॅगांना वेगवेगळ्या रंगांचे टॅग लागलेले असतात, ज्याचा रंग पुकारतील त्याने उतरायचं. आपला रंग निळा आणि त्यांचा पिवळा म्हटल्यावर सात रात्रींचं कुटुंब क्षणात विभक्त होतं. न्याहारीला तीच माणसं ताटात नजर खिळवून बसलेली असतात. पूलजवळच्या खुर्च्या रिकाम्या असतात आणि एकालाही नको असतात.

ग्रुप पंधरा दिवस फुलांच्या चित्रांवर जगतो. मग गप्प होतो. त्याला पुन्हा धुगधुगी येते ती कुणीतरी नवं बुकिंग जाहीर करतं तेव्हा. काहींनी ते बुकिंग जहाजावरच केलेलं असतं. परतीच्या वाटेवर पुढची सफर विकणारी एक टेबलं मांडलेली जागा असते, थोडं डिपॉझिट भरलं की खर्चायला थोडे पैसे परत मिळतात. हिशेब करायच्या मनःस्थितीत तिथे कुणी नसतं.

या जिवलगांना जमिनीवर मात्र कधीही भेटू नका. हे कळकळीने सांगतो. घरी बोलावलंत तर काय होतं? माणसं येतात, बसतात, जहाजावरचे फोटो बघतात, जिन्याचा विनोद होतो आणि घड्याळात बघावं तर जेमतेम सव्वाआठ. नऊचा कार्यक्रम नाही, प्रश्नमंजुषा नाही, कॅप्टनची घोषणा नाही. मेनूचा कागद पातळ म्हणून नावं ठेवावीत तर मेनूच नाही. तुमच्या घराचं मात्र तुमच्यासमोर "पूर्वीसारखं राहिलं नाही" म्हणता येत नाही. मग दोघांपैकी एकजण फोन काढतो आणि म्हणतो, "ते नवं जहाज पाहिलंत का?" सुटलो, असं सगळ्यांच्याच मनात येतं. वीस मिनिटांत तारीख ठरते.

बुकिंग करताना एवढंच बघा: 'आयकॉन ऑफ द सीज'सारखं जहाज सुमारे ३६५ मीटर लांब असतं आणि त्यात ७,६०० पर्यंत प्रवासी मावतात. त्या जिवलगांनी पुढच्या टोकाची केबिन घेतली असेल तर तुम्ही मागच्या टोकाची घ्या, आणि जेवणाची वेळ त्यांची पहिली असेल तर तुमची दुसरी. टबात भेट होईलच.