कशान मेलो?

परवा रात्री लाईट गेली ती नेमकी टीव्हीवरच्या सीरियलमधला खुनी कोण हे कळायच्या दोन मिनिटं आधी. पावसाळ्यात आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात हे काही नवीन नाही. पण त्यामुळे काल संध्याकाळी वाळपईच्या तिठ्यावर जे जमले, ते सगळे घरून आपापला खुनी घेऊन आले होते.

प्रीतमचा खुनी पक्का होता. तो बिल्डर. प्रीतम बोलायला लागला की आम्ही चहाचे ग्लास उचलून हातात धरतो, कारण तो हात फेकत बोलतो. दोन वर्षांपूर्वी एका वेब सिरीजचं शूटिंग इकडे आलं होतं, त्यात त्याने मढ्याचं काम केलं. दिवसभर चादरीखाली पडून होता. तेव्हापासून त्याचं प्रत्येक वाक्य "आमच्या लाईनीत" असं सुरू होतं.

"आमच्या लाईनीत याला क्लीन मर्डर म्हणतात," तो म्हणाला. "सायलेन्सर लावला, फुस्स झालं, माणूस आडवा. बाजूच्या खोलीत बायको झोपलेली, तिला पत्ता नाही."

गणूमामांनी उजवा कान पुढे केला. रिटायर हवालदार. डाव्या बाजूने कितीही हाका मारा, ओ मिळत नाही.

"हा कान कुठे गेला ठाऊक आहे तुला? थ्री नॉट थ्री रायफल. चार किलोचं धूड खांद्याला लावायचं आणि डावा कान नळीच्या बाजूला. सीरियलमधले बंद खोलीत वीस गोळ्या झाडतात आणि लगेच एकमेकांच्या कानात कुजबुजतात! बरं, मास्तर, हिशेब करा. पिस्तुलाचा आवाज 160 डेसिबलच्या आसपास. याच्या त्या डब्याने तीस कमी केले. उरले किती?"

"130," मास्तर म्हणाले. शाळा सुटून बारा वर्षं झाली तरी वजाबाकी विचारली की मास्तर ताठ बसतात.

"रस्ता फोडायचं मशीन याच्यापुढे गरीब. एवढ्यात बायको उठली नाही म्हणतोस? मग बिल्डरला सोड आणि आधी त्या बायकोला धर."

हे मला पटलं. खरं सांगायचं तर कट्ट्यावर मामांचं मला नेहमीच पटतं. प्रीतम मात्र हरायला तयार नव्हता. त्याचं म्हणणं, चांगल्या कंपनीचा असला तर आवाज होतच नाही.

"अरे पुता, कंपनी काय करणार? नळीतून गरम वायू सुटतो, त्याचा आवाज तो डबा थोडा दाबतो. पण गोळीच आवाजाच्या पुढे धावत असेल तर ती वाटभर चाबूक ओढत जाते. तो चाबूक हवेत वाजतो. त्याला नळीच्या तोंडावरून काय करणार? आणि तुझ्या बिल्डरने सायलेन्सर लावला कशाला? रिव्हॉल्व्हरला! सिलिंडर आणि नळीच्या मध्ये फट असते, वायू तिथूनच बाहेर. पुढचं दार लावून मागचं सताड उघडं ठेवण्यातला प्रकार."

प्रीतमने मोबाईल काढला. दोन मिनिटं शांतता. दामूने तेवढ्यात प्रीतमच्या बशीतली मिरची भजी संपवली.

"सापडलं! नागान. रशियन रिव्हॉल्व्हर, 1895 चं. यात सिलिंडर पुढे सरकून फट बंद होते. सायलेन्सर चालतो!"

हे खरं निघालं. लिहिताना मला जरा जड जातंय, पण खरं निघालं. मामांनी मोबाईल हातात घेऊन, लांब धरून, सगळं वाचलं.

"बरं. मग तुझा बिल्डर रशियाच्या झारकडे कामाला होता काय?"

इथे विषय खरं तर संपला असता, पण दामूला लॅबचा सीन सलत होता. दामूकडे बारा बोअरची, एका नळीची छर्ऱ्याची बंदूक आहे, बागायत राखायला, वडिलांच्या वेळची. "त्या पोरीने छर्रा मशीनखाली ठेवला, कॉम्प्युटरवर हिरवी रेघ फिरली, आणि लगेच 'मॅच'! शेतकऱ्याची बंदूक सापडली म्हणे. म्हणजे उद्या माझ्या घरी येतील."

"येणार नाहीत," मामा म्हणाले. "पिस्तूल, रायफल यांच्या नळीत पिळाचे खाचे असतात, त्यांचे ओरखडे गोळीवर उठतात. संशयाच्या हत्यारातून दुसरी गोळी पाण्याच्या टाकीत झाडायची आणि दोन्ही गोळ्या एका मायक्रोस्कोपखाली शेजारी शेजारी धरून माणसाने डोळे फोडत बघायचं. तुझी नळी आतून पाण्याच्या पाइपासारखी गुळगुळीत. छर्रा कुणाचंच नाव घेत नाही. रिकामं काडतूस घेतं. त्याच्या बुडाला पिनेचा ठसा बसलेला असतो."

"मी काडतूस उचलून आणतो," दामू घाईघाईने म्हणाला. का, ते कुणी विचारलं नाही.

मग दामू त्याच्या नेहमीच्या रडगाण्यावर गेला. निवडणूक लागली की बंदूक पोलीस स्टेशनात जमा. झेडपी, पंचायत, विधानसभा, लोकसभा, दरवेळी तेच. "आचारसंहिता आम्हाला नंतर कळते, रानडुकरांना आधी. बंदूक गेली त्याच रात्री सुरण साफ!"

प्रीतम म्हणाला, तू पण त्या बिल्डरसारखं नऊ एमएमचं लायसन्स काढ. यावर मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. नऊ एमएम प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे साध्या माणसाला बंदी, ते पोलिसांकडे, फौजेकडे. साध्या माणसाला लायसन्स मिळतं ते बहुतेक .32 चं. आणि हिरो त्यातून किती गोळ्या झाडतो? मास्तरांनी मोजल्या होत्या. रिव्हॉल्व्हर सहाचं, झाडल्या चौदा.

"आम्ही प्रॅक्टिसला जेवढ्या झाडायचो तेवढी रिकामी काडतुसं मोजून परत द्यायची," मामा म्हणाले. "एक हरवलं तर अख्खी तुकडी गवतात हातापायांवर. तो सीन कुणी दाखवत नाही."

"खांद्यात गोळी लागलेली असताना हिरो गाडी चालवतो तो सीन पण बघा की," मास्तर म्हणाले.

मामा आधी बोलले नाहीत. ग्लास खाली ठेवला. "खांद्यातून हाताची मोठी रक्तवाहिनी जाते. सगळ्या नसांचा जुडगा तिथूनच जातो. एकाला मी जीपमध्ये घातला होता. गाडी तो चालवत नव्हता."

"पण मामा, ती शेवटी करमणूक," प्रीतम हळू आवाजात म्हणाला. मास्तरांनी त्याला 1984 ची गोष्ट सांगितली. अमेरिकेत एका मालिकेच्या सेटवर जॉन-एरिक हेक्सम नावाच्या नटाने गंमत म्हणून रिव्हॉल्व्हर कानशिलाला लावून चाप ओढला. आत गोळी नव्हती, नुसतं आवाजाचं काडतूस. त्या धक्क्यानेच कवटी फुटली आणि काही दिवसांनी तो गेला. प्रीतमने मोबाईल खिशात ठेवला.

असं गंभीर झालं की दामूला राहवत नाही. "आवाजाचं सोडा. आपल्या जत्रेच्या नाटकात आवाजाशिवाय मेलो होतो मी!"

मी उठायला लागलो. मला बसवण्यात आलं.

नाटकात दामू खलनायक, मामा खरे पोलीस म्हणून इन्स्पेक्टर, हातात लाकडी पिस्तूल. विंगेत फटाका फोडायचं काम माझं. मी त्या वेळी बाहेर खाजें, जत्रेतला गोड खाऊ, घ्यायला गेलो होतो. रांग होती. मामांनी चाप ओढला, काही नाही. पुन्हा ओढला, काही नाही. शेवटी दामू कंटाळून छाती धरून पडला. मांडवातून एक म्हातारा ओरडला, "कशान मेलो रे?"

मामा प्रेक्षकांकडे वळले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "सायलेन्सर!"

"आणि याने," मास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवलं, "खाजें खात परत येऊन इमानदारीत फटाका लावला. तोपर्यंत कोर्टाचा सीन लागला होता. न्यायाधीश मी. फाशी सुनावतोय आणि धडाम्! खुर्चीसकट मागे."

प्रीतम हसता हसता हात फेकायला गेला आणि यावेळी कुणी ग्लास धरले नव्हते. तीन फुटले.

"तर खुनी कोण?" दामूने विचारलं.

"ते राहू दे," मास्तर म्हणाले, "ग्लासांचे पैसे कोण देणार?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. खाजें मी खाल्लं होतं ना.