येऊन गेलीस आणि सांगितलंही नाहीस?

आज सकाळी मी एक फोटो टाकला. मी आणि माझी एक जुनी मैत्रीण तिच्या घराच्या गॅलरीत उभ्या आहोत, एवढेच त्यात होते. तासाभरात खाली पहिली कॉमेंट आली, ‘येऊन गेलीस आणि सांगितलंही नाहीस? आम्ही काय मेलो होतो?’ त्यामागोमाग रडके चेहरे आले, मग टोमणे आले, आणि शेवटी एका विद्वानाने ‘शहर सोडलं की माणसं बदलतात’ असा निकालही देऊन टाकला. मी हा फोटो माझ्या घरी परत पोहोचल्यावर टाकला होता, आणि तोही मुद्दाम. शहर सोडून गेलेली माझ्या ओळखीची जवळजवळ सगळी माणसे हेच करतात. परतीची गाडी सुटल्याखेरीज आपण आल्याचा पुरावा ठेवत नाहीत. जिथे आयुष्यातली इतकी वर्षे काढली, त्या शहरात चोरासारखे येऊन चोरासारखे जावे असे आम्हाला का वाटू लागते, हा प्रश्न त्या कॉमेंट करणाऱ्यांपैकी एकालाही पडला नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

बाहेरगावी गेलेल्या माणसाने आल्यावर सगळ्यांना भेटायचे, आणि तेही सगळ्यांना एकाच वेळी, हा नियम कधी आणि कुणी केला ते मला ठाऊक नाही. मी येते आहे असे ग्रुपवर लिहिले की पहिली दहा मिनिटे उत्साहाचा पूर येतो. मग तारीख ठरवायची असते. व्हॉट्सॲपने २०२२ साली मतदानाची सोय दिल्यापासून तर हे काम फारच लोकशाही पद्धतीने चालते. शनिवारी दुपार, शनिवारी संध्याकाळ, रविवारी सकाळ, असे पर्याय मांडले जातात, निम्मे लोक मत देतात, उरलेले ‘जमलं तर येतो’ असे लिहितात, आणि जागा मात्र अशी निवडली जाते की जी सर्वांना सारखीच गैरसोयीची असावी. माझ्या हाती दोन दिवस असतात. त्यातला एक या एका भेटीला जोडून जातो, कारण भेट दोन तासांची असली तरी तिच्या अलीकडे आणि पलीकडे दुसरे काही ठरवता येत नाही.

आणि त्या दोन तासांत होते काय? लांबलचक टेबलाच्या एका टोकाला मी बसते, दुसऱ्या टोकाचे बोलणे मला ऐकू येत नाही, आणि मधल्या खुर्च्यांवर नव्या मित्रांविषयीचे असे विनोद चाललेले असतात की ज्यांतली नावेही मला माहीत नाहीत. मग कुणाला तरी माझी दया येते आणि कॉलेजमधला तोच एक किस्सा निघतो. तो किस्सा आम्ही इतक्यांदा सांगितला आहे की आता कुणी हसायचे आणि कुणी ‘नाही रे, असं नव्हतं झालं’ म्हणायचे, हेही ठरून गेले आहे. त्यात मी वीस वर्षांची, वेंधळी, सतत उशिरा येणारी मुलगी असते आणि तेवढीच असते. त्यानंतर मी काय झाले, हे विचारायला वेळ उरत नाही, कारण तोवर कुणीतरी उभे राहून सगळ्यांना फोटोसाठी जवळ सरकायला सांगत असते.

माझ्या जुन्या शहरातली माझी सर्वांत चांगली भेट एका डोळ्यांच्या दवाखान्यात झाली. आजच्या फोटोतली मैत्रीण तीच. मी तिला फोन केला तेव्हा ती सरळ म्हणाली, ‘आज भेटायला अजिबात वेळ नाही. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. यायचंच असेल तर दवाखान्यात ये.’ मी गेले. बाहेरच्या बाकावर काकांच्या डोळ्यांत बाहुली मोठी करण्याचे थेंब पुन्हा पुन्हा घातले जात होते, आणि प्रत्येक वेळी परिचारिका ‘अजून थोडं थांबा’ म्हणून निघून जात होती. मैत्रिणीने माझ्या हातात फाईल, चष्मा आणि पाण्याची बाटली दिली आणि ती औषधे आणायला गेली. मला कुणी ‘काय घेणार’ विचारले नाही आणि ‘किती दिवसांनी!’ असेही म्हटले नाही. एका परिचारिकेने ‘तुम्ही पेशंटच्या कोण?’ असे विचारले, तेव्हा मी काही बोलण्याआधीच काका म्हणाले, ‘आमचीच आहे.’

त्या बाकावर आम्ही दोघी काही तास बसलो होतो आणि त्यातला बराच वेळ आम्ही बोलतही नव्हतो. मधूनच ती तिच्या नोकरीविषयी एखादे वाक्य बोलायची, मधूनच मी माझ्या घराविषयी काही सांगायचे, आणि पुन्हा आम्ही त्या बंद दाराकडे पाहत राहायचो. त्याच्या आदल्या खेपेला ती त्या लांब टेबलावरही होती, बरे का. तेव्हा मी तिला ‘कशी आहेस?’ विचारले होते आणि ती ‘मजेत’ म्हणाली होती. काकांना तेव्हाच वाचता येईनासे झाले होते, हे मला बाकावर बसल्यावर कळले. टेबलावर हे तिने सांगितले नाही, आणि तिने का सांगावे? शेजारी कुणीतरी मोबाईल उंच धरून सगळ्यांना चौकटीत बसवत असताना कोण आपल्या बापाच्या डोळ्यांविषयी बोलेल?

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल या संशोधकाने २०१८ साली असे मांडले की ओळखीच्या माणसाचा जिवलग मित्र व्हायला २०० तासांहून अधिक सहवास लागतो. तासांचा हिशेब खरा असो वा नसो, ते तास कशात गेले हे तुम्ही आठवून पाहा. आपली मैत्री काही ठरवून केलेल्या जेवणांत झाली नव्हती. ती रांगेत उभे राहण्यात, एकमेकांच्या घरी नुसते पडून राहण्यात, कुणाचे तरी काम होईपर्यंत बाहेर ताटकळण्यात झाली होती. मग मी शहर सोडले एवढ्यावरून मला पाहुण्यांच्या खोलीत का बसवता?

आता ज्याचा मला खराखुरा राग येतो ते सांगते. येण्याची जबाबदारी नेहमी गेलेल्यावरच असते. तिकीट मी काढायचे, रजा मी टाकायची, तुमच्या सोयीच्या वेळा मी सांभाळायच्या, आणि एखाद्याला भेटायचे राहिले तर अपराधीही मीच. माझ्या नव्या शहरात तुमच्यापैकी कितीजण आलात? जे आले ते कामासाठी आले आणि विमानतळावरून परत निघताना ‘अगं, वेळच मिळाला नाही’ असा निरोप पाठवून मोकळे झाले. मी त्यावर कधी कुठे कॉमेंट केली नाही. ‘आम्ही काय मेलो होतो’ असे मलाही विचारता आले असते.

तुम्हालाही घरे आहेत, मुलांच्या परीक्षा आहेत, आणि मी काही तुमच्यापैकी कुणाच्या सांगण्यावरून शहर सोडले नव्हते, हे मान्य. पण ते मान्य केल्याने माझा मुद्दा तसूभरही हलत नाही.

हे लिहिता लिहिता मात्र मला तिचे बाकावरचे एक बोलणे आठवले. ती म्हणाली होती, ‘तुम्ही सगळे येता, दोन दिवस गोंधळ घालता आणि जाता. मग सोमवारी मला उगाचच वाईट वाटत राहतं.’ ते तिने तक्रार म्हणून म्हटले नव्हते. जाणाऱ्याला परतीच्या वाटेवर आपल्या घराचे वेध लागलेले असतात. राहणाऱ्याला मात्र त्याच रस्त्यांवरून, त्याच कोपऱ्यांवरून पुन्हा ऑफिसला जायचे असते. कदाचित म्हणूनच तुम्हाला सगळे एकदम आणि एका दिवसात उरकायचे असेल. तसे असेल तर मला ते कळते, आणि सकाळी होता तेवढा राग आता माझ्यात उरलेला नाही. पण तसे असेल तर तसे म्हणा. रडके चेहरे पाठवू नका.

काका त्या दिवशी डोळ्यावर पट्टी बांधून बाहेर आले आणि मला पाहून म्हणाले, ‘तू अजून आहेस होय? चल मग, रिक्षा बघ.’ इतक्या वर्षांत त्या शहरात मला कुणी काम सांगितले नव्हते. मी पळत जाऊन रिक्षा आणली.

तेव्हा ठरवूनच सांगते. यापुढे मी ग्रुपवर काही लिहिणार नाही आणि मतदानही होणार नाही. आल्यावर एक-दोघांना फोन करीन. कधी तुम्हाला, कधी दुसऱ्या कुणाला. ‘आज काम आहे’ असे म्हणालात तर कोणते ते सांगा. गाडी दुरुस्तीला टाकायची असेल, मुलाला शिकवणीहून आणायचे असेल, बँकेत सह्या करायला जायचे असेल, तर मी बरोबर येईन आणि बाहेर थांबेन. आणि भेटायची इच्छाच नसेल तर तेही स्पष्ट सांगा. मला वाईट वाटेल, पण मी ते कुठे लिहिणार नाही.