‘आधी वर्षभर फक्त पॉवर’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यात एकच मेसेज मला चार मुलांनी पाठवला. सगळ्यांचा प्रश्न एकच: "दादा, हे खरं आहे का?" मेसेज असा: ब्रेकिंग, म्हणजे ब्रेकडान्स, शिकताना पहिलं वर्षभर फक्त पॉवरमूव्ह (जमिनीवर अंग गरागरा फिरवणाऱ्या मूव्ह) करा. विंडमिल (पाठ-खांद्यांवरून लोळत पाय फिरवणं), फ्लेअर (हातांवर तोलून पाय गोल फिरवणं), हेडस्पिन (डोक्यावर गिरकी), रोज दोन तास. टॉपरॉक (उभ्याने नाचणं) आणि फूटवर्क (हात टेकवून पायांचं काम) मागाहून आपोआप येतं. फ्रीझ म्हणजे नुसतं थांबणं, त्याचा वेगळा सराव कशाला? गाणं कुठलंही चालतं. परीक्षक शेवटी पॉवरलाच मार्क देतात.

अठराव्या वर्षी मी हे सगळं मान्य केलं असतं. खरं तर केलंच होतं. तेव्हा मेसेज नव्हते, सीनियर होते.

परीक्षकांपासून सुरुवात करतो, कारण बाकीचा डोलारा त्यांच्याच नावावर उभा आहे. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नऊ परीक्षक होते आणि निकष पाच: तंत्र, मूव्हजचा साठा, सफाई, संगीताशी जुळणं आणि स्वतःचं वेगळेपण. प्रत्येकाला 20 टक्के. यात ‘पॉवर’ नावाचा रकाना शोधून दाखवा. पॉवरला तंत्रात वजन आहे, साठ्यातही आहे, पण तीच विंडमिल तिसऱ्या राउंडला पुन्हा काढलीत तर साठा संपल्याचं सगळ्यांना दिसतं. नेदरलँड्सच्या मेनोने रेड बुल बीसी वन ही ब्रेकिंगची जागतिक स्पर्धा तीनदा जिंकली: 2014, 2017 आणि 2019. त्याला ओळखतात ते त्याच्या गुंत्यासारख्या फूटवर्कसाठी आणि कुठून कुठे जाईल याचा पत्ता लागू न देण्यासाठी.

आता ‘आपोआप येतं’. दोन वर्षं मी सोसायटीच्या गच्चीवर जुना फ्लेक्स उलटा अंथरून विंडमिल घासली. पाठीचं सालटं गेलं, पण आली. मग एका कॉलेजच्या फेस्टमध्ये पहिली बॅटल, म्हणजे समोरासमोर आळीपाळीने नाचायचा सामना. मी थेट जमिनीवर गेलो, चार विंडमिल मारल्या आणि बाहेर पडलो तो बुडावर बसूनच. पुढे काय करायचं ते शरीराला ठाऊकच नव्हतं. उठलो, घसरलेली ट्रॅकपँट वर ओढली आणि चालत कडेला गेलो. समोरच्याने आपला राउंड माझ्या ट्रॅकपँट ओढण्याच्या नकलेने सुरू केला, तीही बरोबर बीटवर. तिथेच बॅटल संपली.

मला अडलं होतं ते विंडमिल आणि त्यापुढचं यांच्यामधलं सांधकाम. राउंड साधारण मिनिटाभराचा असतो. त्यात चार विंडमिलना किती सेकंद लागतात ते मोजून बघा. उरलेला वेळ उभं राहून खाली जाणं, एकातून दुसऱ्यात शिरणं आणि वर येणं यात जातो. विंडमिलमध्ये पालथे असताना दोन्ही तळवे टेकवून पाय पोटाखाली ओढला की सरळ सिक्स-स्टेपच्या (हात टेकवून सहा पावलांत गोल फिरायच्या फूटवर्कच्या) बैठकीत येता येतं. हे ऐकायला सोपं आहे, पण सिक्स-स्टेप ज्याच्या हाडात नाही त्याला ती बैठक सापडत नाही. दोन वर्षांत मी विंडमिल हजारो वेळा केली असेल. त्यातून बाहेर पडण्याचा सराव मात्र एकदाही केला नाही. मग ते येणार कुठून?

फ्रीझचं तर उलटंच आहे. विंडमिलमध्ये कोपर कमरेच्या वर, पोटाच्या कडेला रुतवून त्यावर भार घेतो, तोच टेकू बेबी फ्रीझ या सुरुवातीच्या फ्रीझचा पाया आहे. ज्याला त्या टेकूवर तीन सेकंद स्थिर राहता येत नाही, त्याची विंडमिल खांद्यावर धप्पकन आपटते. सांगतात तेही असंच, की न्यूयॉर्कच्या रॉक स्टेडी क्रू या ब्रेकिंग गटातल्या क्रेझी लेग्जला विंडमिल सापडली ती चेअर फ्रीझ करताना तोल जास्त फिरल्यामुळे. आणि कोरियाचा हाँग टेन, ज्याचं नाव फ्रीझशीच जोडलेलं आहे, त्याने बीसी वन 2006 ला जिंकली, 2013 ला जिंकली आणि पुन्हा 2023 ला. नुसतं थांबून!

गाण्याबद्दल फार बोलत नाही. 11 ऑगस्ट 1973 ची ब्राँक्समधली पार्टी अजून सांगितली जाते. डीजे कूल हर्क गाण्यातला नुसत्या ड्रम्सचा तुकडा, म्हणजे ब्रेक, लांबवायचा आणि नाचणारे त्याचीच वाट बघत थांबायचे. म्हणून ब्रेकिंग. ‘गाणं कुठलंही’ म्हणणाऱ्याने नाचाचं नावच नीट ऐकलेलं नाही.

मेसेजमध्ये एक गोष्ट बरोबर आहे: पॉवर लवकर सुरू करावी. वय वाढतं तशी भीती वाढते, आणि रोज सगळ्याला पंधरा-पंधरा मिनिटं वाटणाराही चुकतो, कारण पंधरा मिनिटांत विंडमिलचं अंगसुद्धा तापत नाही. पण रोज दोन तास? थकल्यावर फॉर्म ढासळतो, मनगट वाकडं पडतं आणि शरीर तीच चूक शिकतं. वाढत्या वयातल्या मनगटाला तर हे अजिबात परवडत नाही.

मुलांना मी समतोल आठवड्याचा बघायला सांगतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार वॉर्मअपनंतर लगेच, अंग ताजं असताना, पाऊण तास पॉवर आणि मग त्यातून बाहेर पडण्याच्या दोन वाटा. मंगळवार-गुरुवार फूटवर्क आणि फ्रीझ, तेही डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी. टॉपरॉक रोज, वॉर्मअप म्हणजे तोच. शनिवारी फक्त राउंड: एक मिनिट नाच, एक मिनिट दम खा, असं दहा वेळा, फोन भिंतीला टेकवून. रविवारी मनगटांना सुट्टी.

चौघांपैकी एकाने परवा शनिवारचा व्हिडिओ पाठवला. तीन विंडमिल, त्यातून सिक्स-स्टेप, एक हात उशिरा पडतोय पण बैठक सापडली आहे. शेवटी उठताना ट्रॅकपँट ओढतोय. नाडी बांध म्हणून सांगितलंय.