दुसरी प्रत

या रेकॉर्डचं नाव मी सांगणार नाही. गाणाऱ्याचं नाही, कंपनीचंही नाही. सात इंची आहे, शिकागोत निघालेली आहे, सत्तरच्या दशकातल्या सोल संगीताची, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गाण्यांची आहे आणि माझ्याकडे तिची एकच प्रत आहे, एवढ्यावर भागवा. नाव फुटलं की उद्या सकाळपासून शंभर जण तिच्या मागे लागतील, आणि दुसरी प्रत मला हवी आहे.

मी काही जगावेगळा कद्रू नाही. या लपवाछपवीला परंपरा आहे. इंग्लंडातल्या विगन गावात १९७३ ते १९८१ विगन कसिनो नावाचा नाचाचा हॉल होता. आठवडाभर कारखान्यांत राबणारी पोरं शनिवारची रात्र तिथे नाचून काढत, आणि तेही अमेरिकेत ज्यांना कुणी विचारलं नव्हतं अशा सोल रेकॉर्डांवर. त्या वर्तुळातले डीजे लेबलावर पांढरा कागद चिकटवून गायकाचं भलतंच नाव सांगत, म्हणजे दुसऱ्या डीजेला माग लागू नये. आमच्या मावशीने लोणच्याची कृती सांगताना आयुष्यभर एक जिन्नस गाळला, त्यातलाच प्रकार.

शिवाय दुर्मीळ म्हणजे मौल्यवान हा एक गैरसमज आहे. दुर्मीळ म्हणजे न खपलेली. जे गाणं लाखांनी खपलं, त्याची प्रत आजही कुठल्याही खोक्यात चिल्लरीला मिळते. उलट मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीने फ्रँक विल्सनची १९६५ची एक रेकॉर्ड बाजारात न आणताच रद्द केली, मोजून दोन-चार प्रती वाचल्या, आणि त्यातली एक २००९ मध्ये २५ हजार पौंडांच्या वर गेली. हे मी बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही जगात कुणालाच नको असलेल्या वस्तू पैसे देऊन घरात आणता." व्याख्या म्हणून चूक काढता येईना.

हे खूळ लागलं ते १९९९च्या हिवाळ्यात. डोंबिवलीहून शिकागोत आलो त्याच्या पहिल्याच रविवारी भाड्याच्या गाडीतला रेडिओ लावला, तर एक माणूस गात नव्हता, बोलत होता. सोडून गेलेल्या बाईची हकीकत सांगत होता आणि मागे बाकीचे हळूच सूर धरून होते. बोलता बोलता तो गाण्यात कधी शिरला ते कळलंच नाही. म्हटलं, अरे, हे तर कीर्तन! आधी निरूपण, मग पद, मागे टाळकरी. ते शिकागोच्याच शाय-लाइट्स या गायकांच्या गटाचं १९७१चं गाणं होतं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि मी किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून शेवटपर्यंत बसलो. घरी दूध न्यायचं राहिलं. ते अजूनही अधूनमधून राहतं.

आज बेसमेंटमध्ये हजारेक रेकॉर्डी आहेत. त्यातली ही बिननावाची मिळाली एका इस्टेट सेलमध्ये. घरातलं म्हातारं माणूस गेलं की चमच्यांपासून चपलांपर्यंत सगळ्याला किंमतीच्या चिठ्ठ्या लावून विकायला काढतात, तो इस्टेट सेल. मंडळी वरच्या मजल्यावर फर्निचर बघतात, आमची जात थेट तळघरात उतरते. रेकॉर्डी नेहमी जमिनीवरच्या ओलसर खोक्यात असतात आणि त्या खोक्याला आजोळच्या माळ्यावरच्या ट्रंकेचा वास येतो. उकिडवं बसायचं. या वयात बसता येतं. उठणं गुडघ्याच्या मर्जीवर.

मग बॅटरी काढायची. लेबलावर कुणीही काहीही छापेल. खरा मजकूर असतो गाणं संपल्यावर लेबलाआधी जी गुळगुळीत काळी पट्टी उरते तिच्यात. रेकॉर्ड तिरपी धरून उजेड आडवा पाडला की तिथे हाताने कोरलेला आकडा दिसतो, कधी मूळ तबकडी कापणाऱ्याची आद्याक्षरं, कधी कारखान्याची खूण. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याची असेल तर चिमुकला त्रिकोण. मग टिचकी मारून ऐकायचं, प्लास्टिक कुठलं, व्हायनिल की स्टायरिन. स्टायरिन स्वस्त, पण सुई लागली की लवकर झिजतं आणि गाण्याच्या मागे भजी तळल्याचा आवाज येतो. एक मनुष्य उकिडवा बसून काळ्या चकचकीत प्लास्टिकच्या थाळीला टिचक्या मारतो आहे आणि कान लावतो आहे, हे दृश्य ज्या घरात मयत झालंय तिथे बरं दिसत नाही. पण त्या दिवशी आकडा नवीन होता, नाव नवीन होतं आणि चिठ्ठी एक डॉलरची होती.

अमेरिकन फॉर्टीफाइव्हच्या, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या या सात इंची रेकॉर्डच्या मधोमध दीड इंचाचं भोक असतं. आपल्या एचएमव्हीच्या ईपीचं बारीक भोक बघत वाढलेल्या मला पहिल्यांदा वाटलं होतं, कुणीतरी ड्रिल मारलंय. त्यात बसवायच्या पिवळ्या प्लास्टिकच्या चकत्या मिळतात. घरात त्या चाळीस आहेत आणि पाहिजे तेव्हा एकही सापडत नाही.

दुसरी प्रत शोधायला इंटरनेट आहे, पण तिथली भाषा शिकावी लागते. विकणारा "गुड" म्हणतो तेव्हा रेकॉर्ड वाजेल की नाही याची शंका असते. "व्हेरी गुड" म्हणजे खरखर आहे, पण गाणं ओळखू येतं. आपल्याकडे स्थळ सांगताना "मुलगा स्वभावाने फार चांगला आहे" म्हणतात, तेव्हा जसं पुढचं आपण समजून घेतो, तसं.

आई सहा महिन्यांसाठी आली होती. मी लाकूडकामाचा पांढरा गोंद पसरून एक जुनी रेकॉर्ड साफ करत होतो. (हा खरा उपाय आहे, गोंद वाळला की पापुद्र्यासारखा निघतो आणि धूळ घेऊन जातो. वाळायच्या आत ओढला तर काय होतं, ते मला विचारा.) दुसरीकडे ही बिननावाची वाजत होती. आईने भाजी निवडता निवडता विचारलं,

"हा का रे रडतोय?"

"बायको सोडून गेलीये त्याला."

"मग पुढे काय झालं त्याचं?"

"गाणं संपलं."

"गाण्याचं नाही विचारत. माणसाचं."

मला माहीत नव्हतं. पंचवीस वर्षं या रेकॉर्डी ऐकतोय, आणि हा प्रश्न मला आईने मेथी निवडताना विचारावा लागला.

लेबलावर पाच आकडी झिप कोड होता, म्हणजे १९६३ नंतरची. वर्तुळातला पी होता, ती ध्वनिमुद्रणाच्या कॉपीराइटची खूण. ध्वनिमुद्रणाला अमेरिकेत केंद्रीय कॉपीराइट मिळाला १५ फेब्रुवारी १९७२ पासून, म्हणजे त्यानंतरची. पत्ता कॉटेज ग्रोव्ह अव्हेन्यूवरचा. शनिवारी गेलो. तिथे मोकळा प्लॉट, कमरेएवढं गवत आणि एक सोफा. मी फोटो काढत होतो तर समोरचे आजोबा रस्ता ओलांडून आले. सिटीकडून आलास का? नाही. टॅक्सवाला? नाही. मग प्लॉट घेतोयस? मी रेकॉर्डचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "इथे न्हाव्याचं दुकान होतं. मागच्या खोलीत एक टेबल होतं आणि एक फोन. तीच तुझी कंपनी."

त्या काळी शिकागोच्या मिशिगन अव्हेन्यूवर रेकॉर्ड कंपन्यांची अख्खी ओळ होती. २१२० नंबरला साठच्या दशकात चेस होती, १४४९ला शाय-लाइट्सवाली ब्रन्सविक. तिथे ज्यांना दार उघडलं नाही, ते न्हाव्याच्या मागच्या खोलीत कंपनी काढत. स्टुडिओ तासाच्या भाड्याने घ्यायचा, पाचशे-हजार प्रती काढायच्या, गाडीच्या डिकीत टाकायच्या आणि डब्ल्यूव्हीओएन रेडिओवर कुणीतरी एकदा वाजवावी म्हणून खेटे घालायचे. वाजली तर दुकानदार माल ठेवून घेत. पैसे मात्र पुढची रेकॉर्ड आणली की देतो म्हणत, आणि पुढच्या रेकॉर्डला पैसे नसत. ज्याने उमेदीत एकदा दिवाळी अंक काढलाय, त्याला हे अर्थशास्त्र समजावायला नको.

गाणं लिहिणाऱ्याचं लेबलावर नुसतं आडनाव होतं. समजा, विल्यम्स. शिकागोत विल्यम्स शोधणं म्हणजे सदाशिव पेठेत कुलकर्णी शोधणं. पण कॉपीराइट नोंदींच्या जुन्या सरकारी याद्या आता घरबसल्या चाळता येतात. तीन आठवडे रात्री जागून त्या गाण्याची नोंद सापडली, आणि तिच्यात पूर्ण नाव, मधल्या अक्षरासकट. हॉलस्टेड स्ट्रीटवरच्या वुडसन ग्रंथालयात कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा मोठा संग्रह आहे. तिथे जुनी वर्तमानपत्रं चाळताना मी दर पाच मिनिटांनी मूळ विषय सोडून फर्निचरच्या जाहिराती वाचत असे, ते सोडा. शेवटी त्या नावाचे एकोणीस फोन नंबर जमले.

आता कल्पना करा. दुपारची वेळ, अनोळखी नंबर, पलीकडे पक्का देशी उच्चार, आणि तो म्हणतो, "सर, मी तुमच्याच एका जुन्या गोष्टीबद्दल फोन केलाय." पहिल्या सहा जणांनी "गाडीची वॉरंटी नको" म्हणून फोन आपटला. सातव्याने मला शिव्या दिल्या, त्या मी वहीत उतरवून घेतल्या, इतक्या लयदार होत्या. अकराव्या बाईंनी त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची चाळीस मिनिटं माहिती दिली. आमचे गुडघे जुळले, नाव जुळलं नाही.

चौदावा नंबर. मी घाईघाईने आधी गाण्याचं नावच सांगितलं. पलीकडे शांतता.

"तुला कुठे मिळालं ते?"

मी फोन स्पीकरवर ठेवला आणि सुई टेकवली. अडीच मिनिटं आम्ही दोघं काही बोललो नाही. संपल्यावर ते म्हणाले, "ड्रमवाला घाईत आहे. तेव्हाच सांगितलं होतं त्याला."

बायको खरंच गेली होती का, हे आईच्या वतीने विचारलं. हसले. लग्नच नंतर झालं म्हणाले. रेकॉर्ड चालली नाही, मग एकतीस वर्षं बस चालवली. त्यांच्याकडच्या प्रती एका पावसाळ्यात तळघरात पाणी शिरून गेल्या. मी म्हटलं, गाणं तुमच्या फोनवर पाठवतो.

"ऐकायला कशाला? मला पाठ आहे. भिंतीवर लावायचीये. नातवंडांना खोटं वाटतं."

"मग चांगली फ्रेम करून…"

"फ्रेम कशाला? मधे एवढं मोठं भोक आहे. खिळा पुरे."

माझ्या पोटात गोळा आला. ऊन, धूळ आणि खिळा! रात्री जेवताना सांगितलं, तर बायको म्हणाली, "देऊन टाका की. त्यांचीच आहे."

"अगं, एकच प्रत आहे."

"त्यांच्याकडे एकही नाही."

आई म्हणाली, "खिळ्याला काय होतंय? आपण कालनिर्णय नाही टांगत?"

मी द्यायला निघालो नव्हतो असं नाही. बबल रॅपपर्यंत पोचलो होतो. शेवटी त्यांना शब्द दिला की दुसरी प्रत मिळाली की पहिली तुमची. या गोष्टीला चौदा महिने झाले. मधे एक इंग्लंडात विकायला आली होती, "व्हेरी गुड" अवस्थेत. मी चकलीच्या पिठात हात घालून बसलो होतो, हात धुवून येईपर्यंत गेली. आई डोंबिवलीहून व्हिडिओ कॉलवर आधी तब्येत विचारते आणि मग "दिलीस का?" विचारते.

मागच्या रविवारी त्यांचा फोन आला. घाई नाही म्हणाले. खिळा ठोकून झालाय. सध्या त्याला नातू टोपी टांगतो, पण त्याला सांगून ठेवलंय की ही जागा राखीव आहे.