«खराब बोर्ड विकला, वरून तपासणीचे पैसे घेतले» या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय पूर्ण वाचला. मशीन अडून ऑर्डर रखडली की राग येणारच, त्यामुळे एका ताऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. तुमचं म्हणणं असं: लाकूड कोरणारं राउटर मशीन चालता चालता लिमिटचा (अक्ष टोकाला पोचल्याचा) अलार्म येतो, एक्स अक्ष सरकून नक्षी बिघडते, मशीन चालवणारा कंट्रोलर बोर्ड वॉरंटीत असूनही आम्ही बदलून दिला नाही आणि तपासणीचे ८०० रुपये मात्र घेतले. आम्ही येऊन गेल्यावर अलार्म पुन्हा आला, तेव्हा दुसऱ्या एका मिस्त्रीने «बोर्डच गेलाय» असं सांगितलं आणि एक सेटिंग बदलून अलार्म बंद करून दिला, असंही तुम्ही लिहिलंय. मला सगळ्यात जास्त काळजी त्या सेटिंगची वाटते, म्हणून आधी तेच.

ते सेटिंग $२१. जीआरबीएलमध्ये, म्हणजे बोर्डावर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, ते शून्य केलं की हार्ड लिमिट (टोकाचा स्विच दाबला की मशीन थांबवायची सोय) बंद होतात. अलार्म थांबला हे खरं, पण आता लिमिट स्विच खरोखर दाबला गेला तरी कंट्रोलर मशीन थांबवणार नाही. तुमच्या मशीनला बॉल स्क्रू आहेत. गँट्री (मशीनचा सरकणारा पूल) टोकाला धडकली तर बेल्टसारखी घसरून सुटणार नाही, नट आणि बेअरिंगवर मार बसेल. शिवाय होमिंगला, म्हणजे मशीनने सुरुवातीला आपला शून्य शोधायला, तेच स्विच लागतात. होमिंग चालू असताना त्या वायरवर खोटा सिग्नल आला तर मशीन मध्येच कुठेतरी शून्य धरून बसेल आणि पुढचा सगळा जॉब चुकीच्या जागी होईल. कृपया आजच $२१ परत १ करून ठेवा.

आता अलार्म येतो कुठून. आमच्या टेक्निशियनने तुमच्यासमोर तुमचीच नेमप्लेटची फाइल झेड अक्ष उंच उचलून, स्पिंडल (टूल फिरवणारी मोटर) बंद ठेवून हवेत चालवली. शेवटपर्यंत गेली, अलार्म नाही. मग तीच फाइल तशीच हवेत, फक्त स्पिंडल २४,००० आरपीएमवर सुरू ठेवून. थोड्याच वेळात अलार्म १, म्हणजे हार्ड लिमिटचा. बोर्ड तोच, फाइल तीच, टूल लाकडाला टेकलेलंसुद्धा नाही. बदललं होतं ते एवढंच की स्पिंडल आणि त्याचा व्हीएफडी (स्पिंडलचा वेग ठरवणारा ड्राइव्ह) चालू होता.

व्हीएफडी स्पिंडलला सरळ साइन वेव्ह देत नाही. तो डीसी व्होल्टेज सेकंदाला हजारो वेळा तोडून पाठवतो आणि प्रत्येक तोडणीचा झटका शेजारच्या वायरीत उतरतो. तुमच्या मशीनवर स्पिंडलची साधी, बिनशिल्डची केबल आणि लिमिटच्या बारीक वायरी एकाच ड्रॅग चेनमधून (वायरी वाहून नेणाऱ्या साखळीतून), एकमेकींना चिकटून गेल्या होत्या. स्विच नॉर्मली ओपन जोडलेले. म्हणजे स्विच दाबलेला नसताना ती लांबलचक वायर फक्त बोर्डावरच्या चिपच्या आतल्या पुल-अप (व्होल्टेज वर धरून ठेवणाऱ्या) रेझिस्टरच्या भरवशावर ५ व्होल्टला असते, आणि एटीमेगा ३२८पी या चिपमध्ये तो पुल-अप २० ते ५० किलोओहमचा, अगदी कमजोर. अशी वायर अँटेनासारखी वागते. जीआरबीएल लिमिट पिनवर सतत नजर (इंटरप्ट) लावून बसलेलं असतं, व्होल्टेजमध्ये क्षणभराचा खड्डा दिसला तरी ते मशीन थांबवतं. बोर्डाने जे करायला हवं तेच तो करत होता. आम्ही नवीन बोर्ड लावून दिला असता तर त्यानेही तेच केलं असतं, आणि तुमचा एक आठवडा आणखी गेला असता.

म्हणून त्या दिवशी लिमिटच्या वायरी चेनमधून बाहेर काढल्या, शिल्ड केबल टाकली, शिल्ड फक्त पॅनेलच्या टोकाला जोडली, स्विच नॉर्मली क्लोज्ड करून $५ (लिमिटचा सिग्नल उलटा वाचायचं सेटिंग) बदललं आणि बोर्डाजवळ ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावले. क्लोज्ड जोडणीत वायर स्विचमधून थेट ग्राउंडला बांधलेली राहते, त्यामुळे नॉइज (बाहेरचा खोटा सिग्नल) सहजासहजी घुसत नाही. आणि वायर तुटली तर लगेच अलार्म येतो, हा वेगळा फायदा.

पण जॉब शीटवर दोन कामं बाकी म्हणून लिहून तुमची सही घेतली होती: स्पिंडलला शिल्ड केबल आणि शेडचं अर्थिंग. तुमच्या थ्री-पिन सॉकेटवर मल्टिमीटर लावला तेव्हा फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास होतं, फेज-अर्थ मात्र त्याच्या जवळपासही नव्हतं. सॉकेटमागे अर्थची वायरच जोडलेली नाही. शिल्ड ज्या अर्थला नेऊन जोडायची ती अर्थच नसेल तर शिल्डचा उपयोग अर्धाही होत नाही. अलार्म पुन्हा आला त्याचं कारण मी आधी तिथेच शोधेन. आणि सर, अलार्म बाजूला ठेवा, व्हीएफडीची बॉडी अर्थ नसताना त्या मशीनला हात लावणं धोक्याचं आहे. घरातली मुलं शेडमध्ये येतात, हे तुम्हीच सांगितलं होतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून हे काम आधी करून घ्या, मग ते आमच्याकडून असो वा दुसऱ्या कोणाकडून.

एक्स सरकण्याचा अलार्मशी काही संबंध नव्हता. तिथे आम्ही आधी एक्स आणि वायचे ड्रायव्हर (मोटरला करंट देणारे भाग) अदलाबदल केले. ड्रायव्हर खराब असता तर दोष वायकडे गेला असता. तो एक्सवरच राहिला. मग डायल गेज (बारीक सरक मोजायचं साधन) लावला आणि फाइल चालवून, दर वेळी एकाच बाजूने शून्यावर येऊन बघितलं. स्टेपर मोटर लोडने स्टेप सोडते तेव्हा ती चार पूर्ण स्टेपच्या पटीत सोडते. ५ मिलिमीटर लीडच्या (एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकवणाऱ्या) स्क्रूवर, २०० स्टेपच्या मोटरने, तो फरक ०.१ मिलिमीटरच्या पटीत यायला हवा. इथे कधी ०.३७, कधी ०.६२ असं काहीही येत होतं. म्हणून मोटरची शाफ्ट आणि तिला स्क्रूशी जोडणारं कपलिंग यांवर मार्करने एक सरळ रेघ ओढली आणि जॉब पुन्हा चालवला. रेघेचे दोन तुकडे झालेले तुम्हीही पाहिलेत. कपलिंगचा ग्रब स्क्रू (आवळायचा बारीक स्क्रू) शाफ्टच्या सपाट बाजूवर न बसता गोल बाजूवर आवळला होता आणि जोर आला की घसरत होता. स्क्रू सपाटावर घेऊन थ्रेडलॉक लावल्यावर डायल शून्यावर परत आला. मधल्या काळात कोणीतरी ताकद वाढवायची म्हणून २ अँपिअरच्या मोटरला ड्रायव्हर ४.२ अँपिअरच्या पीकवर नेऊन ठेवला होता, तोही खाली आणला. मोटर हात ठेवता येणार नाही इतकी तापायची ती त्यामुळेच.

«सप्लाय बंद करून उगाच थांबून राहिला, वेळ काढला» असंही तुम्ही लिहिलंय. टेक्निशियन थांबला ते तुमचे ड्रायव्हर वाचावेत म्हणून. ड्रायव्हरला पॉवर असताना मोटरचा प्लग काढला तर वाइंडिंगमधला करंट अचानक तुटतो, त्यातून जो व्होल्टेजचा झटका येतो तो ड्रायव्हरचा आउटपुट उडवू शकतो. स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. एलईडी पूर्ण विझल्याशिवाय प्लगला हात लावायचा नाही, हा आमच्याकडे नियम आहे आणि तो कोणासाठी मोडत नाही. हे वाचणाऱ्या हौशी मंडळींनीही तो पाळावा. चांगले ड्रायव्हर असेच उडवलेले आमच्या बेंचवर कायम येतात.

तपासणीचे पैसे आम्ही परत करणार नाही. सुटा भाग विकण्यापेक्षा दोष शोधण्यात जास्त काम असतं, आणि आम्ही मशीन पाहायला निघायच्या आधी रक्कम तुम्हाला फोनवर सांगितली होती. वॉरंटी मात्र पूर्ण चालू आहे. तुमच्या मनात शंका असेल तर बोर्ड दुकानात आणा. तिन्ही अक्षांचे स्टेप आणि डायरेक्शनचे सिग्नल तुमच्यासमोर ऑसिलोस्कोपवर दाखवतो, लिमिटची प्रत्येक पिन तपासतो, त्याचे पैसे घेणार नाही. एकही पिन चुकीची निघाली तर त्याच वेळी नवीन बोर्ड हातात देईन.

तोपर्यंत अर्थिंग होऊनही अलार्म आला तर मशीनला हात न लावता कॉम्प्युटरवरच्या कन्सोलमधून (कमांड पाठवायच्या खिडकीतून) आधी रिसेट (कंट्रोल-एक्स) द्या, मग प्रश्नचिन्ह पाठवा आणि येणाऱ्या ओळीचा फोटो काढा. स्विच दाबलेला नसताना त्या ओळीत पीएन (Pn:) या अक्षरांपुढे एक्स, वाय किंवा झेड टिकून दिसत असेल तर त्या अक्षाच्या स्विचमध्ये किंवा वायरीत कायमचा दोष आहे. काहीच दिसत नसेल तर नॉइज येऊन गेला. फोटो मला व्हॉट्सॲपवर टाका, मी स्वतः बघतो. दुकानात येताना मोटरी आणायची गरज नाही, बोर्ड, ड्रायव्हर आणि पॉवर सप्लाय पुरे. गुरुवारी दुकान बंद असतं.